‘झालं ना माय’च्या पुढे : घरी शिकणाऱ्या मुलांच्या रोजच्या अभ्यासाची नोंद

प्रश्न (थोडक्यात) : आम्ही घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगा १२ वर्षांचा आणि मुलगी ८ वर्षांची. दोघंही घरीच शिकतात. मी सकाळी दहाच्या सुमारास वावरात जाते, मुलांचे बाबा दिवसभर बाहेर असतात, घरी सासूबाई असतात. संध्याकाळी विचारलं की मोठा म्हणतो, ‘झालं ना माय’. वही उघडून पाहावी तर अर्धं पान. छान वेळापत्रक करून भिंतीला लावलं, पण ते आठ दिवसही टिकलं नाही. रोज संध्याकाळी घरात कटकट होते. मोबाइलवर एखादं अ‍ॅप घ्यावं का? आपला रोजचा अभ्यास मुलांनी स्वतः लक्षात ठेवावा म्हणून मी काय करू?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला आशेची वाटली, ती म्हणजे ते अर्धं पान. मुलगा बसतच नसता तर पान कोरं दिसलं असतं. तो बसतो, सुरुवात करतो आणि मध्येच कुठेतरी थांबतो. कुठे थांबला, का थांबला, हे संध्याकाळपर्यंत त्याच्याही ध्यानात राहत नाही. मग विचारल्यावर ‘झालं’ म्हणण्यावाचून त्याच्याजवळ दुसरं काही उरत नाही. त्याला लबाड समजू नका.

मी बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि निवृत्तीनंतर वर्धा-यवतमाळ भागात घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसोबत काम करते, म्हणून दोन्हीकडचं पाहिलेलं सांगते. शाळेतलं मूलही आपला अभ्यास स्वतः लक्षात ठेवत नसतं. ते काम घंटा करते, फळ्यावरची तारीख करते, बाई करतात आणि सगळ्यात जास्त शेजारी बसलेल्या पोराची वही करते. मूल घरी शिकायला लागलं की हे सगळं एकदम नाहीसं होतं आणि सारा भार आईच्या डोक्यावर येतो. आज कोणता धडा, काल काय राहिलं, पाढे कुठवर आले, सगळं तुमच्या डोक्यात. तुम्ही दहाला वावरात निघालात की मुलांचा अभ्यासही तुमच्यासोबत वावरात निघून जातो. घरी उरतात पुस्तकं आणि दोन लेकरं.

म्हणून पहिलं काम हे की डोक्यातला अभ्यास कागदावर आणायचा, आणि तो कागद मुलाच्या हातचा असायला हवा. भिंतीवरचं ते वेळापत्रक कोणी लिहिलं होतं? बहुतेक तुम्हीच, स्केचपेननं, रात्री जागून. फार मायेनं केलं असणार. पण त्यात मुलाचं काही नव्हतं. शिवाय वेळापत्रकात जे व्हायला हवं ते लिहिलेलं असतं. एक दिवस मोडला की त्याच कागदाकडे पाहून मुलाला रोज आपण चुकलो एवढंच दिसतं. मग तो तिकडे पाहायचंच सोडतो.

तुम्ही ते वेळापत्रक काढून ठेवा आणि पहिला आठवडाभर कसलंच नियोजन करू नका. मुलानं फक्त दिवसभरात जे झालं ते लिहायचं. अभ्यास थोडा झाला तर थोडा लिहील, नाही झाला तर ‘आज काही नाही’ असं लिहील. त्या आठवड्यात कमी का झालं असं विचारायचं नाही. हे तुम्हाला जड जाईल हे मला ठाऊक आहे. पण या आठवड्यात दोन गोष्टी हाती येतात. मुलाला लिहायची सवय लागते, आणि तुम्हाला कळतं की तुमचं मूल एका दिवसात खरोखर किती काम करू शकतं. आईच्या मनातला आकडा आणि मुलाचा आकडा यात जवळपास दुपटीचा फरक असतो असं मी घरोघरी पाहते. पुढचं सगळं मुलाच्या आकड्यावर बांधायचं.

आता वही. साधी, रेघांची, शंभर पानी. दोन मुलांच्या दोन वह्या. ही अभ्यासाची वही नव्हे, हिच्यात गणितं सोडवायची नाहीत. हिची जागा घरात ठरलेली असावी : देवळीत, पेटीवर, धान्याच्या कोठीवर, कुठेही चालेल पण रोज तिथेच. पेन वहीला दोरीनं बांधून ठेवा. क्षुल्लक वाटेल, पण पेन शोधायला उठलेलं मूल परत येत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून उघड्या वहीची दोन पानं वापरायची. डाव्या पानावर सकाळी, तुम्ही घरून निघण्याआधी, मुलानं आज काय करणार ते लिहायचं. तुमच्याशी बोलून लिहायचं, पण हात त्याचाच. उजव्या पानावर एकेक काम आटोपल्यावर लगेच काय झालं ते लिहायचं. सगळं संध्याकाळी एकदम आठवून लिहिलेलं चालत नाही, कारण तेव्हा पुन्हा तेच ‘झालं’ येतं.

अशा वहीतलं एक पान कसं असतं ते दाखवते. बारा वर्षांच्या मुलाचं, बुधवारचं.

डावीकडे : गणित – अपूर्णांकांची बेरीज, ५ उदाहरणं. मराठी – धडा वाचणे, ६ ओळी आपल्या मनानं. इंग्रजी – ८ शब्द. विज्ञान – २ पानं वाचणे.

उजवीकडे : गणित – ३ झाली. चौथ्यात खालचे आकडे वेगळे आहेत, उत्तर जुळत नाही. मराठी – वाचलं, ४ ओळी. इंग्रजी – ८ पाठ, ‘नेबर’चं स्पेलिंग चुकते. विज्ञान – नाही, बकरी सुटली होती.

या पानावर खूश व्हावं असं मी म्हणेन. चारांपैकी एकच काम पुरं झालं आहे आणि तरीही हे उत्तम पान आहे, कारण यात आकडा आहे, अडलेली जागा आहे आणि खरं कारण आहे. बकरी सुटली तर सुटली, आपल्याकडे बकऱ्या सुटतातच. ‘विज्ञान नाही’ हे लिहायची त्याला भीती वाटली नाही, ही मोठी गोष्ट आहे.

त्या चौथ्या उदाहरणाकडे नीट पाहू. समजा उदाहरण होतं तीन चतुर्थांश अधिक एक षष्ठांश, म्हणजे ३/४ + १/६. मुलानं उत्तर लिहिलं ४/१०. पुस्तकामागच्या उत्तराशी ते जुळलं नाही, म्हणून तो थांबला. त्यानं वरचे आकडे मिळवले आणि खालचेही मिळवले. खालचे आकडे सारखे होते तोवर त्यानं बरोबर सोडवलं, वेगळे आले तिथे अडलं. म्हणजे त्याला बेरीज येते, छेद सारखे करायचं येत नाही. संध्याकाळी तुम्ही वही उघडली की अख्खा धडा पुन्हा शिकवायची गरज नाही. एवढंच विचारा, ‘पाऊण भाकर होती, तिच्यात आणखी एक तुकडा घातला, तर ती अर्ध्या भाकरीहून कमी कशी झाली?’ चार दशांश अर्ध्याहून कमी आहे हे त्याला दिसतं. मग ४ आणि ६ या दोघांच्या पाढ्यात येणारा लहानातला लहान आकडा शोधायचा, तो १२. नऊ बारांश आणि दोन बारांश, झाले अकरा बारांश. दहा मिनिटांचं काम. पण वहीत नुसतं ‘गणित झालं’ असतं तर ही गाठ तुम्हाला दिसलीच नसती, आणि पुढच्या महिन्यात मुलगा ‘मले गणित नाई जमत’ म्हणाला असता.

म्हणून लिहिण्याचा एकच नियम पक्का करा. ‘झालं’ हा शब्द एकटा लिहायचा नाही. सोबत पान क्रमांक, उदाहरणांची संख्या, ओळींची संख्या, काहीतरी मोजता येईल असं हवं. आणि अडलं तर कुठे अडलं ते लिहायचं. संध्याकाळी वही हातात घेतल्यावर तुम्ही सगळ्यात आधी अडलेलंच वाचा. आईची नजर आधी कुठे जाते हे मुलं फार लवकर ओळखतात. आई राहिलेल्या कामावर बोट ठेवते असं कळलं की राहिलेलं लपवलं जातं. आई अडलेल्यापाशी थांबते आणि मदत करते असं कळलं की मूल अडलेलं लिहायला लागतं.

विचारण्याची पद्धतही बदला. ‘अभ्यास केला का?’ याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं, आणि नाही म्हणायची कोणाची छाती आहे? त्याऐवजी ‘दाखव बरं, आज कोणतं जमलं’ असं म्हणा. एक उदाहरण, एक परिच्छेद, एवढंच पाहा. सगळं तपासायच्या भानगडीत पडू नका, दिवसभर निंदण करून आल्यावर ते तुमच्यानं होणारही नाही. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरसूची असते, मोठ्या मुलानं आपलं आपण ताडून पाहावं आणि चुकलेल्याला गोल करावा. उत्तरसूची पाहून उतरवतो अशी शंका आली तर रागावू नका, त्यातलं कोणतंही एक उदाहरण तोंडानं सांगत सोडवायला लावा. येत असेल तर येतं, नसेल तर तिथेच कळतं. लाल पेन मात्र या वहीला लावायचा नाही. ही वही त्याची आहे.

आणि समजा त्यानं वहीत लिहिलं पण केलं नाही, असं आढळलं तर? हा प्रसंग बहुतेक घरांत येतो. मी त्या दिवसापासून काम निम्मं करायला सांगते. चार कामं ठरत असतील तर दोन. मूल खोटी नोंद करतं तेव्हा एकतर काम त्याच्या आवाक्याबाहेरचं असतं नाहीतर त्याला संध्याकाळची धास्ती असते. दोन्हीवर काम कमी करणं हाच उपाय लागू पडतो. पंधरा दिवसांनी पुन्हा एकेक वाढवा.

राहिलेल्या कामाचं काय करायचं, हा प्रश्न दुसऱ्याच आठवड्यात येईल. एक दिवस पुढे ढकला, फक्त एकच दिवस. दुसऱ्या दिवशीही नाही झालं तर त्यावर आडवी रेघ मारा आणि सोडून द्या. महत्त्वाचं असेल तर पुढच्या आठवड्यात नव्यानं येईल. न झालेला अभ्यास सोसायटीच्या थकबाकीसारखा चढत जातो, आणि आकडा एवढा मोठा होतो की माणूस त्याकडे पाहायचंच टाळतो. आपण मोठी माणसं टाळतो, तर बारा वर्षांच्या पोरानं काय करावं?

धाकटीसाठी हे सगळं नको. आठ वर्षांच्या मुलीला दोन पानी नोंद जड जाते, आणि भावासारखंच करायला लावलं तर दोघांची तुलना घरातला प्रत्येक जण करू लागतो. तिच्यासाठी दोन वाट्या आणि चार चिंचोके घ्या. सकाळी चारही चिंचोके एका वाटीत. एक वाचनाचा, एक लिहिण्याचा, एक गणिताचा, एक चित्राचा किंवा कवितेचा. काम झालं की आजीला दाखवायचं आणि आजीच्या हातानं चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा. तुमच्या सासूबाईंना वाचता येत नसलं तरी काही बिघडत नाही. नात धडा मोठ्यानं वाचते आहे की नुसती पानं उलटते आहे, हे कानांना कळतं. उलट मी म्हणेन, आजीला वाचता येत नसेल तर नात अधिक मन लावून वाचून दाखवते, कारण ऐकणाऱ्याला खरंच ऐकायचं असतं. संध्याकाळी धाकटीनं आपल्या वहीत तारीख आणि एकच ओळ लिहावी : आज मी काय वाचलं. दीड-दोन वर्षांत ती आपोआप भावाच्या पद्धतीवर येईल. घाई नको.

घड्याळाबद्दल आता बोलते, कारण तुमचं वेळापत्रक तिथेच मोडलं असणार. ‘९ ते ९.४५ गणित’ हे शाळेत चालतं, शेतकऱ्याच्या घरात चालत नाही. कृषिपंपाची लाइन कधी दिवसा कधी रात्री, नळ एक दिवसाआड, मजूर आले तर चहा आधी. अशा घरात अभ्यास रोजच्या घरकामाला बांधावा. पाणी भरून झालं की गणित. आजीची पूजा सुरू झाली की वाचन. जेवण होऊन भांडी पडली की इंग्रजीचे शब्द. ही कामं पुढेमागे होतात, पण होतात रोज. त्यांच्या मागोमाग अभ्यास येतो आणि ‘सव्वानऊ झाले, आता राहू दे’ म्हणायची सोय राहत नाही. गणित मात्र सकाळीच ठेवा, डोकं ताजं असताना, आणि जमल्यास तुम्ही निघण्याआधी.

ऋतूही पाहायला हवा. विदर्भातलं ऊन पाहून इथल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बाकी महाराष्ट्रात त्या जूनच्या मध्याला सुरू होतात. सरकारी वेळापत्रक आपल्या उन्हाला मान देतं, तर घरच्या अभ्यासानं का देऊ नये? एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊपर्यंत जे होईल ते खरं. दुपारी टिनाच्या छपरीत बसवून अभ्यास करून घेऊ नका, वाचून दाखवा किंवा गोष्ट सांगा. मृगाच्या पेरणीचे दिवस, पोळा आणि तान्हा पोळा, दिवाळीनंतरची कापूस वेचणी, तुरीची सोंगणी, या दिवसांत ठरलेलं काम दोनवर आणा आणि वहीच्या त्या पानांच्या वर मुलालाच लिहायला सांगा : ‘वेचणी चालू’. सहा महिन्यांनी मागे वळून पाहताना कमी कामाचं कारण तिथेच दिसतं, आणि मुलगा आळशी झाला असा समज होत नाही.

वावरातलं काम अभ्यासात धरायचं का, असं मला नेहमी विचारलं जातं. माझं उत्तर : मुलानं त्यातलं काही मोजलं, लिहिलं किंवा विचारलं असेल तर नक्की धरा. ही कल्पना आपल्याच मातीतली आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि गांधीजींची नई तालीम पुढे सेवाग्रामात रुजली. हातकामातून शिकणं हा तिचा गाभा होता. टकळीवर सूत कातायचं, किती निघालं ते मोजायचं, लिहायचं, त्यावरून हिशोब करायचा. आपल्याकडे आज टकळी नसली तरी वेचणीच्या दिवशी संध्याकाळी वजनकाटा लागतोच. कोणी किती किलो कापूस वेचला, किलोमागे काय भाव, कोणाला किती मजुरी, ही यादी मुलाला करू द्या. तुमच्या यादीशी ताडून पाहा. त्यात दशांश अपूर्णांक येतात, गुणाकार येतो आणि चूक झाली तर समोरचं माणूस लगेच सांगतं. त्या दिवशी वहीत गणिताच्या जागी ‘कापसाचा हिशोब, ७ जणांचा’ असं लिहिलं की गणित झालं. पण हे हिशोबापुरतं. मुलाला वेचणीला जुंपून त्याला अभ्यास म्हणायचं नाही. आणि फवारणीच्या दिवसांत लेकरू वावरात नकोच, कोणत्याही कारणानं नको. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेनं किती शेतकरी-शेतमजूर गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

तुम्ही अ‍ॅपबद्दल विचारलंत. घेऊ नका, निदान या वर्षी तरी. घरात मोबाइल एक, तो बाबांसोबत बाहेर. म्हणजे नोंद करायची तेव्हा वही घरात नाही अशी गत होईल. दुसरं असं की अ‍ॅपमध्ये चौकोनाला बोट लावलं की बरोबरची खूण येते. ‘खालचे आकडे वेगळे आहेत’ हे लिहायला तिथे मूल थांबत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. मोबाइलचा उपयोग दुसरीकडे करा. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, आणि पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा अ‍ॅपमधले व्हिडिओ उघडतात. रात्री नेटवर्क बरं असताना उतरवून ठेवा. फक्त व्हिडिओ पाहणं हे काम म्हणून लिहू देऊ नका. पाहून झाल्यावर त्यातलं काय कळलं ते दोन ओळींत लिहिलं तर ते काम. आणि आठवड्यातून एकदा वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवा. आपल्या मातीच्या भिंतींच्या घरांत उदई, म्हणजे वाळवी, लागते, पावसाळ्यात छत गळतं. वर्षभराची वही एका रात्रीत जाऊ शकते.

मध्यंतरी, २०२३-२४ पासून, बालभारतीनं पुस्तकांत धड्यांमध्ये नोंदींसाठी कोरी पानं दिली होती, पुढे तो निर्णय मागे घेतला गेला. तुमच्याकडे त्या काळातली पुस्तकं असतील तर ती पानं वाया घालवू नका. धड्यातले अवघड शब्द, अडलेली जागा तिथेच लिहिली की पुढच्या वेळी शोधावं लागत नाही. रोजची नोंद मात्र वहीतच.

आठवड्याचा हिशोब बाजाराच्या दिवशी करा. रविवारचं आपल्याकडे काही खरं नसतं, पण आठवडी बाजार चुकत नाही. बाजारातून आल्यावर अर्धा तास बसा, दोघंही मुलं, जमलं तर बाबाही. मोठ्या मुलानं आठवड्याची पानं स्वतः वाचून दाखवायची. तुम्ही फक्त ऐकायचं आणि शेवटी एकच विचारायचं, ‘पुढच्या आठवड्यात काय कमी करू, काय वाढवू?’ उत्तर त्याचं. मुलं या प्रश्नाला फार प्रामाणिक उत्तरं देतात. ‘मराठी वाढव, इंग्रजीचे शब्द सहाच ठेव’ असं एखादं उत्तर येतं आणि त्यात तुमच्यापेक्षा त्याचा अंदाज बरोबर निघतो. बाबा हजर असणं मला महत्त्वाचं वाटतं. नाहीतर अभ्यास म्हणजे माय आणि लेकरांमधली कटकट, एवढंच घरात समजलं जातं.

अडलेल्यांपैकी काही गोष्टी तुम्हालाही येणार नाहीत. त्याचा संकोच करू नका. पानाच्या कोपऱ्यात एक चांदणी काढायला सांगा. चांदणीची कामं जमवून ठेवायची आणि आठवड्यातून एकदा कोणाला तरी विचारायची : गावातली कॉलेजला जाणारी मुलगी, जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, शहरातला मामा. मला असे गुरुजी पुष्कळ माहीत आहेत, जे शाळेत नाव नसलेल्या मुलाचीही शंका आनंदानं सोडवतात. पण ‘याला गणित शिकवा’ म्हणून गेलात तर त्यांना वेळ नसतो. ‘हे एवढं अडलं’ म्हणून वही दाखवलीत तर पाच मिनिटांत काम होतं.

पुढच्या परीक्षांचं थोडक्यात सांगते, कारण नोंदीचा उपयोग तिथेही आहे. शिक्षणाचा हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्यातल्या तरतुदीनुसार मुलाला वयानुरूप वर्गात केव्हाही शाळेत बसवता येतं. म्हणजे गावातल्या शाळेचं दार बंद झालेलं नाही, उद्या परत जावंसं वाटलं तर वही दाखवून गुरुजींना मूल कुठवर आलंय ते सांगता येईल. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या परीक्षा घेतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात, तिची दहावीची परीक्षा वयाच्या १४ वर्षांपासून देता येते. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे विषय थोडे थोडे करून सोडवता येतात. तिथे २० टक्के गुण घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना असतात. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म असतो. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा. तुमचा मुलगा बारा वर्षांचा आहे. चौदाव्या वर्षी स्वाध्याय वेळेत पुरे करायची पाळी येईल तेव्हा तारीख घालून काम लिहायची सवय त्याला ऐनवेळी लावता येणार नाही. ती आत्ता लागते.

दर महिन्याच्या शेवटी त्यानं लिहिलेलं एखादं पान, सोडवलेलं एखादं गणित, धाकटीचं एखादं चित्र एका कापडी पिशवीत ठेवत जा, मागे तारीख घालून. सगळं साठवू नका, महिन्याला तीन-चार कागद पुरेत. कोणते ठेवायचे ते मुलांनी निवडावं.

सुरुवातीचे तीन आठवडे तुम्हाला आठवण करून द्यावी लागेल : ‘बाबू, वही लिहिली का?’ हे रोज सकाळी म्हणावं लागेल आणि संध्याकाळीही. त्यात काही वावगं नाही. नंतर सकाळचं म्हणणं बंद करा आणि पाहा तो लिहितो का. पाचांतून तीन दिवस लिहिलं तर समजा सवय लागतेय. दोन दिवस चुकले तर बोलू नका, त्या तारखांची जागा कोरी राहू द्या. कोरी जागा त्याला स्वतःला खटकायला लागते, आणि एक दिवस तो आपणहून त्यात ‘ताप होता’ किंवा ‘मामाच्या गावी’ असं भरतो. तोवर धीर धरा.

महिनाभरानं मला पुन्हा लिहाल तर वहीच्या एका पानाचा फोटो पाठवा. सगळं पुरं झालेल्या दिवसाचा नको, ज्या दिवशी सगळ्यात जास्त अडलं त्या दिवसाचा पाठवा. पुढे काय करायचं ते त्यावरून सांगता येईल.